फिलाडेल्फियातील राज्यघटनेची पायी सहल

अमेरिकेची राज्यघटना १७८७ च्या उन्हाळ्यात राज्यांच्या प्रतिनिधींच्या परिषदेने ज्या परिसरात घडवली, तो फिलाडेल्फियाचा जुना भाग पायी फिरवून दाखवणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. त्यांपैकी एका लहानशा खासगी संस्थेची दोन तासांची सहल मी सप्टेंबरात केली. आम्ही अकरा जण होतो, शुल्क माणशी ४० डॉलर होते आणि मार्गदर्शक अभ्यासू होता. माझी तक्रार आहे ती वेळेच्या वाटणीबद्दल.

सहलीचे नाव राज्यघटनेचे असले तरी पहिला जवळजवळ एक तास १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातच गेला. हे दोन दस्तऐवज एकाच इमारतीत मंजूर झाल्यामुळे अनेकांच्या मनात त्यांची सरमिसळ होते आणि ती दूर करणे हे अशा सहलीचे पहिले काम असायला हवे. मधल्या अकरा वर्षांत काय बिघडले होते, हे समजल्याशिवाय नव्या घटनेची गरज का पडली हे कळतच नाही. १७८१ पासून लागू असलेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या आधीच्या घटनेनुसार काँग्रेसला, म्हणजे मध्यवर्ती विधिमंडळाला, कर बसवण्याचा अधिकार नव्हता, राज्यांकडे पैशांची नुसती मागणी करता येत असे, आणि त्या कलमांत दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती लागे. त्यातच मॅसेच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली बंड केले. हा सारा भाग आमच्या मार्गदर्शकाने चालता चालता पाच मिनिटांत उरकला.

दोन्ही दस्तऐवज जिथे मंजूर झाले त्या इंडिपेन्डन्स हॉलच्या आत मात्र सहलीचे खरे मोल कळते. तिथली फेरी खासगी मार्गदर्शक देत नाहीत, राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेंजर देतात. सभागृह अपेक्षेपेक्षा बरेच लहान आहे. हिरव्या कापडाने झाकलेली टेबले, त्यांवर टाक आणि कागद, आणि समोर उंचावर परिषदेच्या अध्यक्षांची खुर्ची. यातले बहुतेक सामान त्या काळचे असले तरी या सभेचे नव्हे, खुर्ची मात्र परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन बसत असत तीच. तिच्या पाठीवर मुलामा दिलेला अर्धा सूर्य कोरलेला आहे. सह्या होत असताना पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन त्याकडे बोट दाखवून म्हणाले की हा उगवता की मावळता हे मला इतके दिवस ठरवता येत नव्हते, आता तो उगवताच आहे अशी खात्री पटली. ही हकिकत व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याने टिपून ठेवली म्हणून आपल्याला माहीत आहे. बाहेर काही फुटू नये म्हणून परिषदेचे कामकाज गुप्त ठेवलेले होते आणि मॅडिसनची टिपणे तर १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली.

सहलीतला सर्वांत सरस भाग हॉलमागच्या बागेत घडला. मार्गदर्शकाने आमच्यातल्या दहा जणांना राज्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि १६ जुलै १७८७ चे मतदान आमच्याकडून करवून घेतले. मोठ्या राज्यांना नव्या काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, लहान राज्यांना समान मत हवे होते, आणि तोडगा असा होता की प्रतिनिधिगृहात लोकसंख्या मोजावी, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारखी मते द्यावीत. माझ्या वाट्याला मॅसेच्युसेट्स आले. चिठ्ठीवर लिहिले होते: चार प्रतिनिधींपैकी दोन बाजूने, दोन विरुद्ध. म्हणजे राज्याचे एकमेव मत मला देताच येईना! पाच राज्ये बाजूने, चार विरुद्ध, एक दुभंगलेले. ऱ्होड आयलंडने प्रतिनिधी पाठवलेच नव्हते, न्यू हॅम्पशायरचे अजून पोहोचायचे होते आणि न्यूयॉर्कचे दोघे चिडून घरी गेले होते. मॅसेच्युसेट्सचा बाजूने असलेला एक जरी सदस्य विरोधात गेला असता तर पाच-पाच होऊन ठराव पडला असता. ते कोरे राहिलेले मत हातात धरून उभे राहिल्यावर या तडजोडीचा धागा किती बारीक होता, हे जसे उमगले तसे वाचून कधी उमगले नव्हते.

याउलट गुलामगिरीचा विषय आम्ही सिग्नल हिरवा होण्याची वाट पाहत असताना एका वाक्यात आला आणि रस्ता ओलांडेपर्यंत संपला. ही चूक मला अक्षम्य वाटते. त्याच परिषदेत दर पाच गुलामांमागे तीन माणसे अशी गणती करून दक्षिणेकडील राज्यांच्या जागा वाढवल्या गेल्या, गुलामांच्या आयातीवर काँग्रेसला १८०८ पूर्वी बंदी घालता येणार नाही असे ठरले, आणि एवढे करूनही ‘गुलाम’ हा शब्द मजकुरात येऊ दिला नाही. ‘इतर सर्व व्यक्ती’ अशी आडवळणाची भाषा वापरली. चिठ्ठ्यांचा खेळ इथेही नक्कीच खेळता आला असता.

सहल नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर या राज्यघटनेच्या संग्रहालयाच्या दाराशी संपते. तिथे थांबून परत फिरू नये. आतल्या एका दालनात परिषदेतल्या ४२ जणांचे माणसाएवढे कांस्यपुतळे जमिनीवरच उभे केले आहेत आणि त्यांच्यामधून हिंडता येते. ३९ सह्या करणारे, आणि नकार देणारे तिघे: गेरी, रँडॉल्फ आणि मेसन. नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, हा मेसनचा एक मुख्य आक्षेप होता. ती सनद १७९१ मध्ये पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांच्या रूपाने आली, आणि मेसनचे नाव आमच्या दोन तासांत एकदाही निघाले नव्हते.

हॉलमधल्या फेरीचे वेळ ठरवून दिलेले तिकीट सहलीच्या शुल्कात धरलेले होते, या केंद्राचे मात्र वेगळे काढावे लागले.