फ्लाय रीलचं स्वस्त बॅकिंग: गोव्याच्या खाडीत काय टिकतं, काय फसतं

फ्लाय रीलवर फ्लाय लाइनच्या, म्हणजे फेकायच्या जाड दोरीच्या, खाली जी बारीक दोरी भरतात ती बॅकिंग. निकाल आधी सांगून टाकू. ८ नंबरचा रॉड घेऊन गोव्याच्या खाड्यांत आणि नदीमुखांवर गरवायचं असेल, तर २० पौंडी विणलेलं डॅक्रॉन (पॉलिएस्टर) घ्यावं. ते हाताशी नसेल किंवा रील लहान असेल, तर पीई ६ जाडीची (पीई म्हणजे पॉलिएथिलीन, पुढचा आकडा जाडीचा) साधी चार पदरी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, ३०० मीटरचं स्पूल. तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा) नको, गवंड्याची दोरी नको. फ्लाय बॅकिंगचा छाप मारलेली महागडी जेल-स्पन (तीही पॉलिएथिलीनचीच दोरी) या पाण्यात बहुतेकांना लागतच नाही.

बॅकिंग म्हणजे केवळ मासा लांब पळाला तर हाताशी असलेली जास्तीची दोरी, असं समजलं जातं. ते अर्धंच खरं. फ्लाय लाइन २७ ते ३० मीटरची असते. ती थेट रीलच्या बारीक गाभ्यावर गुंडाळली तर तिला घट्ट वेटोळी पडतात आणि हँडलच्या एका फेऱ्यात जेमतेम चार बोटं दोरी आत येते. खाली बॅकिंग भरलं की गाभा जाड होतो, वेटोळी मोठी पडतात आणि फेऱ्यागणिक जास्त दोरी आत येते. म्हणजे मासा कधीच लांब पळाला नाही तरी बॅकिंग रोज कामाला असतं.

आणि गोव्यात पुष्कळदा तो लांब पळतच नाही. खाजन शेतांच्या बांधाच्या मानशीपाशी, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दरवाजापाशी, ओहोटीच्या धारेत उभा असलेला चोणक, म्हणजे वरच्या कोकणातला जिताडा, गळ लागला की बाहेर न पळता खारफुटीच्या मुळांत घुसतो. तांबसो तर त्याहून हट्टी. त्या मुळांना कालवं चिकटलेली असतात आणि कालवाच्या कडेपुढे कुठलंच बॅकिंग टिकत नाही, स्वस्त असो वा महाग. तिथे ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळून मासा पहिल्या दहा मीटरांतच थोपवायचा असतो. उलट मोरजीपाशी शापोऱ्याच्या मुखावर किंवा बेतूलला साळ नदीच्या तोंडाशी क्वीनफिश किंवा ट्रेव्हली लागली, तर फ्लाय लाइन संपून बॅकिंग बघता बघता पाण्यात जातं. दोन्ही ठिकाणं धरून १५० ते २०० मीटर पुरे. ४०० मीटरची जाहिरात वाचून पैसे घालवू नयेत.

ताकदीचा हिशेब सोपा. साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा टिपेट, म्हणजे फ्लायकडचा शेवटचा बारीक धागा, असावा. टिपेट १६ पौंडी आणि चोणकाच्या धारदार कल्ल्यांसाठी पुढे जाड शॉक टिपेट (घासणं सोसणारा तुकडा) लावलं, तरी तुटायला हवं ते १६ पौंडीच. फ्लाय लाइनच्या आवरणाखालचा धागाच साधारण २० ते ३० पौंडांचा, म्हणून ८० पौंडी बॅकिंगने काहीच साधत नाही. २० पौंडी डॅक्रॉन गाठीपाशी थोडं कमजोर होतं हे खरं, पण तरीही ते टिपेटच्या वर राहतं. टिपेट २० पौंडी वापरणाऱ्यांनी मात्र ३० पौंडी डॅक्रॉन घ्यावं. ते जाड असतं, रीलवर लांबी सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटते.

आता किंमत. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते मीटरचा भाव बघतात. बघायचा असतो तो भरलेल्या रीलचा भाव. समजा रीलवर लिहिलंय ‘डब्ल्यूएफ ८ अधिक २०० यार्ड २० पौंड’, म्हणजे पुढून जड अशी ८ नंबरची फ्लाय लाइन आणि तेवढं बॅकिंग. २०० यार्ड म्हणजे १८३ मीटर. २० पौंडी डॅक्रॉनची जाडी सुमारे ०.४५ मिमी. पीई ४ ची जाडी ०.३३ मिमी. जागा जाडीच्या वर्गाप्रमाणे व्यापली जाते, त्यामुळे तीच रील पीई ४ ने भरायला १८३ नव्हे, सुमारे ३४० मीटर लागतात. ३०० मीटरचं स्पूल विकत घेऊनही गाभा बारीकच राहतो आणि मग दुसरं स्पूल आणावं लागतं. पीई ६ ची जाडी ०.४०५ मिमी. त्याने सुमारे २२५ मीटरमध्ये रील भरते, एका स्पूलमध्ये काम भागतं आणि थोडी उरते. पातळ ब्रेड स्वस्त दिसते आणि शेवटी महाग पडते, ती अशी.

पातळ ब्रेड नको म्हणण्याची आणखी दोन कारणं. एक, ती पळत्या माशाबरोबर बोटाला लागली तर कापते. दुसरं, ढिली गुंडाळली गेली तर वरचा वेढा ताणाखाली खालच्या वेढ्यांत रुततो. मग पुढच्या धावेत दोरी सुटत नाही, रील अडकते आणि टिपेट तुटतो. दोष ब्रेडच्या नावावर टाकला जातो, असतो गुंडाळण्यात.

डॅक्रॉनमध्ये कॉर्टलँडची मायक्रॉन आणि सायंटिफिक अँगलर्सची डॅक्रॉन ही जुनी, भरवशाची नावं. पण डॅक्रॉन म्हणजे शेवटी विणलेलं पॉलिएस्टर, त्यात गूढ काही नाही. १०० यार्डांची दोन पाकिटं घेऊन मध्ये गाठ मारण्यापेक्षा तिघांनी मिळून मोठं स्पूल मागवावं आणि वाटून घ्यावं. मधली गाठ रॉडवरच्या कड्यांत (गाइडमध्ये) अडकते, नेमकी मासा जोरात असताना. ब्रेडमध्ये चार पदरी आणि आठ पदरी यांतला फरक फेकताना जाणवतो. बॅकिंग फेकलं जात नाही, तेव्हा आठ पदरीचे जादा पैसे इथे वाया.

तंगुसाचा मोह सगळ्यांना होतो, कारण जाळ्यांच्या सामानाच्या दुकानात ते स्वस्त मिळतं. अडचण अशी की नायलॉन ताणलं जातं. मासा ओढत असताना ते ताणलेलंच रीलवर चढतं आणि मग पुन्हा आखडू पाहतं. शंभर वेढ्यांचा तो दाब स्पूलच्या कडांवर येतो, कडा बाहेर वाकतात आणि स्पूल फ्रेमला घासू लागतं. स्वस्त ओतीव रीलची कड तडकूही शकते. गवंड्याची विणलेली दोरी बहुधा नायलॉनचीच असते. तीही ताणली जाते, पाणी पिते आणि जाडीमुळे १०० मीटरही मावत नाही. सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो, त्याची चर्चाच नको.

बिनछापाचं स्पूल घेतलं असेल तर तीन चाचण्या घरीच कराव्यात. पेन्सिलीवर २० वेढे शेजारी शेजारी, न दाबता बसवा आणि पट्टीने मोजा: २० पौंडी डॅक्रॉनचे साधारण ९ मिमी यायला हवेत, पीई ६ चे ८ मिमी. १२ मिमी आले तर पाकिटावरचा आकडा विसरा. मग वीतभर तुकडा पाण्यात टाका. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून आणि तुकडा बोटांनी चोळून विणीतली हवा आधी काढावी, नाहीतर निकाल फसवा येतो. पीई पाण्याहून हलकं, ते तरंगतं. पॉलिएस्टर आणि नायलॉन बुडतात. ब्रेड म्हणून घेतलेली दोरी बुडली तर ती पीई नाही. शेवटी सामान तोलायच्या लटकत्या काट्याला बांधून हळूहळू ओढा. २० पौंड म्हणजे ९ किलो. गाठीसकट ७.५ किलोच्या आत तुटली तर परत करा.

रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पोपटी. बॅकिंग बाहेर गेलं हे नजरेला लगेच कळतं आणि शेजारच्या होडीवाल्यालाही दिसतं. मात्र स्वस्त ब्रेडचा रंग सुटतो आणि फिक्या फ्लाय लाइनची शेपटी रंगते. आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मग भरावी.

भरण्याची रीत. किती भरायचं हे ठरवायचं असेल तर फ्लाय लाइन आधी रीलवर घाला, तिच्यावर कडेच्या ५ मिमी खालपर्यंत बॅकिंग चढवा, मग सगळं काढून उलटं भरा. वेळखाऊ आहे, पण आकडेमोडीपेक्षा खात्रीचं. गाभ्याला आर्बर नॉट ही सरकती गाठ. डॅक्रॉनला एक वेढा पुरतो. पीई गुळगुळीत, ती गाभ्यावर जागच्या जागी फिरते आणि सबंध गुंडाळीच घसरते. म्हणून गाभ्याभोवती दोन वेढे घेऊन गाठ मारा आणि वर इन्शुलेशन टेपचा एकच पट्टा दाबा. दुसऱ्या माणसाने स्पूल पेन्सिलीवर धरावं आणि दोरी ओल्या फडक्यातून ओढून द्यावी. ताण इतका हवा की भरल्यावर अंगठ्याने दाबलं तरी गुंडाळी दबू नये. पीई असेल तर हातमोजा घाला आणि वेढे सरळ रांगेत न घालता तिरके आडवे पाडा, म्हणजे रुतणं कमी होतं.

टोकाला साधारण ३० सेंटीमीटरचा लूप ठेवा, फ्लाय लाइनचं पूर्ण स्पूल त्यातून पार होईल एवढा. मग लाइन बदलताना काही कापावं लागत नाही. डॅक्रॉनला सर्जन लूप चालतो. पीईला बिमिनी ट्विस्ट (पिळ्यांची लूप-गाठ), आणि लूप दुमडून दुहेरी करा. एकेरी पीई लूप फ्लाय लाइनच्या कारखान्यात जोडलेल्या लूपचं आवरण सुरीसारखं चिरत जातो. हे नुकसान बॅकिंगच्या किमतीच्या कितीतरी पट.

देखभालीत डॅक्रॉनची एक खोड लक्षात ठेवावी. ते स्वतः कुजत नाही, पण विणीत खारं पाणी धरून ठेवतं आणि त्याखालचा धातू खातं. बॅकिंग ओलं झालं त्या दिवशी तेवढा भाग काढून गोड्या पाण्यात बुडवा आणि सावलीत वाळवा. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की रीलवर ते दिवसेंदिवस वाळत नाही. हंगाम संपला की सगळं उतरवून सैल वेटोळ्यात टांगून ठेवणं बरं. पुन्हा भरताना टोकं उलटवा, म्हणजे झिजलेले पहिले ५० मीटर तळाशी जातील. नखाखालून दोरी ओढताना कुठे केस उठलेले लागले तर तेवढं कापा आणि लूप नव्याने बांधा.