कोश कोणता घ्यावा, इंग्रजी-मराठी की इंग्रजी-इंग्रजी?

भाची मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावीला आली. "मामा, कोश कुठला घेऊ?" एवढंच तिनं विचारलं होतं. माझं उत्तर फोनवर मावेना, म्हणून लिहून काढतोय. फोनमधल्या भाषांतराचं मी बोलत नाही. ते सगळ्यांकडे असतंच, आणि बसमध्ये उभ्यानं बघायला बरंही पडतं.

कोश पारखायचा तर अवघड शब्दावर पारखू नये. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठलाही कोश देतो. दुकानात उभं राहून 'सेट' काढावा. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत या एका क्रियापदाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. आपल्याला मात्र तो घरचा वाटतो. डिनर सेट, मोत्यांचा सेट, नाटकाचा सेट, प्राध्यापक व्हायचं तर नेट-सेट. पोरगा पुण्यात 'सेट' झाला असंही आपण म्हणतो, पण इंग्रजीत त्याला 'सेटल' व्हावं लागतं.

इंग्रजी-मराठी कोशाला मी नावं ठेवणार नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा, म्हणजे घराणं जुनं आहे. आणि वस्तूंच्या नावांना त्याला तोड नाही. 'हेरॉन' काढला की समोर बगळा. इंग्रजी-इंग्रजी कोश लांब मानेचा, लांब पायांचा, पाण्याकाठी राहणारा पक्षी असं सांगत बसतो आणि आपण करकोचा की बगळा करत राहतो. हळद, वेलची, एरंड, मुंगूस, असल्या शब्दांना मराठीच बरी.

माझं बिनसलं ते क्रियापदांवर. माझ्या जुन्या कोशात 'सेट'पुढे ओळीनं होतं: ठेवणे, बसवणे, लावणे, मावळणे, गोठणे. उदाहरण एकही नाही. आता यातलं 'लावणे' बघा. आपण दिवा लावतो, झाड लावतो, कुलूप लावतो, टीव्ही लावतो, वेळ लावतो, जीवही लावतो. इंग्रजीत यातल्या एकालाही सरळ 'सेट' चालत नाही. घड्याळाचा गजर लावायला चालतो, सापळा लावायला चालतो. म्हणजे एका बहुरूप्याची ओळख दुसऱ्या बहुरूप्यानं करून द्यायची, आणि कोणतं सोंग कुठलं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पार्टीला पत्र लिहायचं होतं. तुमच्या इंजिनियरच्या मदतीला आम्ही दोन माणसं लावली आहेत, एवढाच मजकूर. मी कोश बघून लिहिलं, 'वी हॅव सेट टू मेन ऑन युवर इंजिनियर'. साहेब सहीसाठी पेन उघडून बसले होते, ते त्यांनी मिटलं. म्हणाले, "अहो, दोन माणसं त्याच्या अंगावर सोडलीत की तुम्ही!" कुत्रं अंगावर सोडतात ना, त्याला इंग्रजीत 'सेट ऑन' म्हणतात. माझ्या कोशात ते नव्हतं. असेल तरी मला सापडलं नव्हतं.

त्या पगारात दुसरा कोश घेतला, शिकणाऱ्यांसाठी असतो तो. ही जातच वेगळी. हॉर्नबी नावाचे मास्तर जपानमध्ये इंग्रजी शिकवत, त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली तोक्योत निघाला. पुढे ऑक्सफर्डनं छापला तो हाच. परक्या पोरांचं कुठं अडतं हे वर्गात बघून केलेलं काम आहे. त्यात 'सेट ऑफ'ची वेगळी नोंद मिळते. त्याचा अर्थ प्रवासाला निघणंही होतो आणि फटाका उडवणंही, आणि दोन्हींना वाक्य दिलेलं असतं. कर्म कुठं लागतं, कुठं नाही, तेही कळतं: सिमेंट आपलं आपण 'सेट' होतं, गजर कुणीतरी 'सेट' करावा लागतो.

अर्थच इंग्रजीत असेल तर कळणार कसा, ही तुझी भीती रास्त आहे. पण हे कोश अर्थ सांगताना मोजकेच शब्द वापरतात. लाँगमनच्या १९७८च्या कोशानं तर सुमारे २,००० शब्दांतच सगळं भागवलं. तेवढे दहावीपर्यंत येऊन गेलेले असतात. तरी पहिले दोन-तीन महिने एका शब्दासाठी तीन शब्द बघावे लागतील, चिडचिड होईल. माझी झाली होती. इंग्रजीची खरोखर धास्तीच असेल तर वर्षभर मराठीवाला वापरायला माझी हरकत नाही.

पण त्यासाठी पैसे घालू नकोस, माझा जुना घेऊन जा. पुठ्ठा सुटलाय, पानं सगळी आहेत. 'सेट'पुढच्या 'लावणे'खाली पेनानं दोन रेघा दिसतील, त्या साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर मारलेल्या आहेत.