जुन्या बायबलची बांधणी: लक्ष्मीपुरीतलं एक बाइंडिंगचं दुकान

जुनं मराठी बायबल खिळखिळं झालं असेल तर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या या दुकानात बिनधास्त न्या. पाटी नाही. दारात लोखंडी शिकंजा आणि पुठ्ठ्यांची चळत दिसली की तेच दुकान.

आमचं बायबल सासूबाईंचं. कुठल्याही पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानं आधी सुटतात, म्हणजे इथे उत्पत्ती आणि प्रकटीकरण. प्रकटीकरणाची शेवटची जुझ, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा जुडगा, तर पार निखळली होती. आणि नेमका बाविसावा अध्याय मला रोज पहाटे लागतो. प्रभू लवकर येणार आहे, हे वाचल्याशिवाय मी चूल पेटवत नाही.

आधी एका ठिकाणी विचारलं, तर ते बाजूनं टोचून शिलाई मारायला निघाले. बायबलला ही शिलाई चालत नाही. कागद पातळ, आतला समास बोटभरसुद्धा नाही. आतल्या रकान्यातली अक्षरं शिवणीत जातात आणि पुस्तक सपाट उघडतच नाही. जुझबंदीच हवी, म्हणजे प्रत्येक जुझ तिच्या घडीतून दोऱ्यानं शिवायची.

इथल्या मामांनी पानं चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, हे रोज उघडणार, का कपाटात ठेवणार?" रोज, म्हटलं. "मग पाठीला कापड लावतो. नुसत्या रेक्झिनवर टिकायचं नाही."

त्यांनी सगळ्या जुझा सुट्या केल्या, पाठीवरचा जुना सरस खरवडला, फाटलेल्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि परत दोऱ्यानं शिवलं. खळीत मोरचूद घातलाय, त्यामुळे कसर लागायची भीती नाही. जुना करार संपून नवा सुरू होतो तिथे, मलाखी आणि मत्तय यांच्या मधल्या पानावर, घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहिलेत. ते पान त्यांनी जागच्या जागी ठेवलं. कडाही कापल्या नाहीत, कारण समासात सासूबाईंचं पेन्सिलीचं लिखाण आहे.

त्या लिखाणासाठीच तर हा खटाटोप. नवीन प्रत विकत मिळते, मोबाईलवर फुकट मिळते. पण मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात, प्रभूच्या येण्याचा तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही असं जिथे आहे, तिथे समासात त्यांनी लिहिलंय: "तारीख विचारू नये. काम करावे." २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा जगाचा शेवट कधी ते सांगणारी कोष्टकं फोनवर फिरत होती. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका मात्र पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापत होत्या. त्याच अध्यायाच्या शेवटी प्रभू कोणाला धन्य म्हणतो? घरच्यांना वेळच्या वेळी खायला देणाऱ्या दासाला. धनी येईल तेव्हा तो त्या कामात सापडावा, एवढंच. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत काही लोक कामधंदा सोडून बसले, त्यांना प्रेषित पौलानं स्पष्ट सुनावलं की काम करायचं नसेल त्यानं खाऊही नये. माझ्या मते तयार असणं म्हणजे हेच: पहाटेचं वाचन, प्रार्थना, कोणाचं देणं राहिलं असेल तर ते देणं, कोणाशी अबोला असेल तर दिवस मावळायच्या आत बोलणं.

आता उणं काय ते. पाठीवरची सोनेरी अक्षरं एका बाजूला कलली आहेत. सांगितलेल्या वारी काम झालं नव्हतं, दोनदा हेलपाटा पडला. नवी बांधणी सुरुवातीला ताठ आहे, उत्पत्तीची पानं हातानं दाबून धरावी लागतात. वापरानं सैल होईल म्हणाले, आणि होतेही आहे.

घेतले ६०० रुपये, रोख. एवढ्या हातकामाला मला ते जास्त वाटले नाहीत. जूनमध्ये शाळेच्या वह्यापुस्तकांची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी हातात हवं असेल तर दिवाळी झाली की लगेच नेऊन द्या, आणि कडा कापू नका हे देतानाच सांगा.