प्रिन्स जॉर्जच्या टेकडीवरचं विद्यापीठ: एक हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न ब्रिटिश कोलंबिया, सगळ्यांच्या तोंडी यूएनबीसी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर भागात, प्रिन्स जॉर्ज गावात आहे. मी इथे नैसर्गिक संसाधनांमध्ये मास्टर्स करतेय. घरच्या ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: रँकिंग किती? मला वाटतं, या विद्यापीठाबद्दल आधी विचारायला हवं ते हे, की ते कुणासाठी उभं राहिलं.

१९८०च्या दशकात इथल्या मुलांना पदवीसाठी दक्षिणेकडे जावं लागायचं. व्हँकुव्हर इथून जवळजवळ ८०० किलोमीटर. गेलेली मुलं बहुधा तिकडचीच होऊन जायची. तेव्हा उत्तरेतल्या १६ हजार लोकांनी विद्यापीठाच्या मागणीवर सह्या केल्या आणि सहीबरोबर प्रत्येकी ५ डॉलरही भरले. १९९०मध्ये कायदा झाला, १९९४मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते या परिसराचं उद्घाटन झालं. माझ्या वर्गात बसल्यावर ही गोष्ट जुनी वाटत नाही. कुणाचे वडील सॉ मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, कुणी स्वतः आधी जंगलात कामाला होतं, कुणी आपल्या समाजाच्या जमिनीचं व्यवस्थापन शिकायला आलंय.

अभ्यासही इथल्याच मातीतला. माउंटन पाइन बीटल या किड्याने १९९०च्या दशकापासून इथलं पाइनचं जंगल प्रचंड प्रमाणात मारलं. पूर्वी कडाक्याच्या थंडीत सालीखालच्या अळ्या मरायच्या, आता हिवाळे सौम्य झालेत. हे वाचून माहीत होतं. पण फील्डवर खोडात गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी कांडी बाहेर काढली, तेव्हा ती सालीकडच्या भागात राखाडी-निळी निघाली आणि आत गाभ्याला पिवळसर, स्वच्छ. किड्यासोबत येणारी बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या भागात पसरते, त्याचा तो रंग. प्राध्यापक शेजारी उभं राहून समजावत होते आणि आम्ही विद्यार्थी मोजके, त्यामुळे प्रत्येकाने कांडी हातात घेऊन पाहिली.

फोर्ट सेंट जेम्सजवळचं जॉन प्रिन्स संशोधन-वन विद्यापीठ एकट्याने चालवत नाही, टलाझटेन नेशन या मूळनिवासी समाजासोबत मिळून चालवतं. नास नदीच्या खोऱ्यातल्या निसगा या मूळनिवासी लोकांची स्वतःची उच्चशिक्षण संस्था १९९३पासून आहे आणि ती यूएनबीसीशी जोडलेली आहे, म्हणजे गाव न सोडता पदवी घेता येते. टेरेस, क्वेनेल, फोर्ट सेंट जॉनलाही केंद्रं आहेत. डॉक्टर उत्तरेत टिकत नव्हते, तर २००४पासून यूबीसीच्या, म्हणजे व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या, साथीने इथेच डॉक्टर घडवायला सुरुवात झाली. माझ्या लेखी विद्यापीठाची खरी किंमत यात आहे.

आता राहण्याचं. उणे तीसची थंडी पडते. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य बुडतो आणि हा अंधार थंडीपेक्षा जड जातो. मुख्य इमारती आतून जोडलेल्या आहेत हा मोठाच आधार. त्यांची बरीचशी ऊब लाकडाच्या टाकाऊ भुशातून येते, त्यासाठी आवारातच संयंत्र आहे. बूट मात्र इथे आल्यावरच घ्या, भारतातून आणलेले बर्फावर घसरतात. सॉ मिलच्या कामासाठी आलेल्या पंजाबी कुटुंबांमुळे गुरुद्वारा आहे, डाळ-तांदळाची ददात नाही. मराठी माणूस क्वचितच भेटतो.

घर शोधताना सावध राहा. मला एका घरमालकाने फोटोत दाखवलेली खोली एक आणि दिलेली दुसरीच, तळघरातली. व्हिडिओ कॉलवर खिडकी आणि हीटर दाखवायला सांगा, मगच डिपॉझिट भरा.

संगणक किंवा एमबीएसाठी, मोठ्या शहरातल्या नोकऱ्यांवर डोळा ठेवून येणार असाल तर मी हे गाव सुचवणार नाही. जंगल, नद्या, हवामान, ग्रामीण आरोग्य, मूळनिवासी समाज यांपैकी कशात मन असेल तर जरूर या. प्रबंध लिहायचा असेल तर मार्गदर्शक आधी मिळवावा लागतो. त्यांना ईमेल लिहिताना फील्डवर्क कुठे, कोणत्या महिन्यांत आणि गाडी चालवता येणं गरजेचं आहे का, हे पहिल्याच पत्रात विचारून घ्या.