एचओसीएमवर ऑपरेशनशिवाय उपचार: कॅथलॅबला पाच तारे, डिस्चार्ज काउंटरला दोन

एचओसीएम म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्त बाहेर पडायची वाट अडवणारा आजार. आमच्या यांच्या हृदयातला मधला पडदा २१ मिलिमीटर जाड. जेवून जिना चढले की छाती भरून यायची. एका लग्नात उन्हात उभे असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खालीच बसले. कुणीतरी अटॅक समजून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, तर बीपी आणखीच उतरलं. या आजारात ती गोळी उलटी पडते. शिरा सैल झाल्या की हृदयात रक्त कमी येतं आणि बाहेर पडायची वाट अजून आवळते.

पुण्यातल्या ज्या हॉस्पिटलात उपचार घेतले त्याचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारी मुलगी फार चांगली. "काका, श्वास रोखा आणि संडासला बसल्यासारखा जोर लावा," म्हणाली. हे लाजले, पण जोर लावला आणि स्क्रीनवरचा, अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातल्या फरकाचा आकडा ५८ वरून ९६ वर गेला. डॉक्टरांनी तोच आकडा दाखवून समजावलं: ५० च्या वर अडथळा आणि मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी भागत नसेल, तर छाती उघडून स्नायू कापायचा, नाहीतर अल्कोहोल सेप्टल अब्लेशन, म्हणजे अल्कोहोलने तो जाड भाग मारून वाट मोकळी करायची. पेशंट तरुण असेल किंवा झडपेतही दोष असेल तर ऑपरेशनच बरं, हेही आपणहून सांगितलं. आमचे हे एकाहत्तरचे, त्यात फुप्फुसं नाजूक. म्हणून दुसरा मार्ग.

ही पद्धत उलरिक सिगवार्ट यांनी लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टनमध्ये १९९४ साली पहिल्यांदा केली. अँजिओग्राफीसारखीच तार घालून त्या जाड भागाला रक्त देणाऱ्या बारीक फांदीत छोटा फुगा फुगवतात. आधी रंगद्रव्य सोडून इकोवर बघतात की नेमका हवा तोच भाग उजळतोय ना. भलतीकडे उजळला तर तिथेच थांबतात. मग दोनेक मिली शुद्ध अल्कोहोल. म्हणजे मुद्दाम केलेला छोटासा अटॅकच! हे शुद्धीवर होते. छातीत जळजळून दुखलं, पण इंजेक्शन तयार होतं.

खरी काळजी नंतरची. हृदयाची वायरिंग त्याच पडद्यातून जाते, त्यामुळे हार्ट ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा संदेश मध्येच अडकणं, होऊ शकतो. मानेतून तात्पुरत्या पेसमेकरची तार ठेवून सीसीयूत (हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात) ठेवलं. काहींना कायमचा पेसमेकर लागतो, यांना नाही लागला. कॅथलॅबमध्ये (जिथे ही तार घालतात तिथे) दाबाचा आकडा लगेच उतरला, सूज आल्यावर थोडा चढला आणि काही महिन्यांनी १८ वर स्थिरावला. असा चढउतार होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरगुंडी उडाली नाही.

आता तक्रार. एवढ्या कामगिरीनंतर हातात काय ठेवलं, तर सगळ्यांना देतात तो मधुमेहाचा डाएट चार्ट. यांना साखर नाही! पाणी भरपूर प्या, पुन्हा चक्कर आली तर ताबडतोब या, सॉर्बिट्रेट टाळा, यातलं कागदावर काहीच नाही. आजार आनुवंशिक आहे, मुलांना आणि सख्ख्या भावंडांना इको करायला हवी, हेसुद्धा मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. तात्पुरत्या पेसमेकरचे पैसे पॅकेजच्या बाहेर, तेही शेवटच्या बिलात. दाखल होतानाच पॅकेजमध्ये काय काय येतं ते लिहून मागा. आणि अब्लेशनआधीच्या इकोची सीडी घ्यायला विसरू नका, पुढच्या प्रत्येक तपासणीत ती लागते.