शाल-श्रीफळ घेऊन आलेला माणूस

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात फौजी पेन्शनीवर आला की गाव त्याला स्टँडवरून वाजतगाजत घरी नेतं. उघडी जीप, लेझीम, गुलाल, आणि त्याच्या आधी चार दिवस फाट्यावर लागलेला मोठा फ्लेक्स. माझाही लागला होता. वर्दीतला फोटो, हुद्दा हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री, २४ वर्षांची देशसेवा, ३० नोव्हेंबर २०२४ ला निवृत्त. खाली मित्रमंडळाची नावं आणि धाकट्या भावाचा मोबाइल नंबर. त्या दिवशी आई रडली, मीही रडलो. त्या फ्लेक्सवर कुणाला काय काय वाचता येतं, हे मला फार उशिरा कळलं. या माणसाच्या हातात आता मोठी रक्कम येणार आहे, तो त्रेचाळीस वर्षांचा आहे, त्याला काम हवंय आणि तो सिव्हिलमध्ये नवा आहे, एवढं सगळं त्यावर लिहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी एक माणूस शाल आणि नारळ घेऊन घरी आला. दारातूनच “जय हिंद, साहेब”. वय पन्नाशीचं, केस बारीक कापलेले, बूट चकचकीत. आपल्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतून आलोय म्हणाला. बोलणं आपल्याकडचंच, “होय की”, “बघा की” असं बेळगावी. कुठला सेक्टर, कुठली कंपनी, सेंटरमध्ये उस्ताद कोण होते, हे सगळं त्याने मलाच विचारलं आणि मीच भरभरून सांगत गेलो. त्याने स्वतःचं काय सांगितलं, हे आज आठवून बघतो तर जवळपास काहीच नाही. माजी सैनिकाचं ओळखपत्र किंवा डिस्चार्ज बुक दाखवा, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. शाल घालणाऱ्या माणसाकडे कागद कसे मागायचे? तो कधी फौजेत नव्हताच, हे पुढे पोलिसांकडून कळलं.

त्याचं म्हणणं असं होतं : सरकारी कंपन्यांना गार्ड लागतात, ते डीजीआर म्हणजे पुनर्वसन महासंचालनालयाच्या मार्फत घेतले जातात, तिथे माजी सैनिकांनाच घेतात आणि पगार डीजीआरने ठरवलेल्या दराने मिळतो. त्याच्या एजन्सीला असं कंत्राट मिळालंय आणि मला तो थेट सुपरवायझर करणार.

यातला बराचसा भाग खरा आहे, आणि तिथेच मी अडकलो. डीजीआर खरोखर माजी सैनिकांनी चालवलेल्या सुरक्षा एजन्सींची नावं सार्वजनिक कंपन्यांना पुरवतं आणि गार्डच्या मजुरीचे दरही जाहीर करतं. पलटणीत मी हे ऐकलं होतं, म्हणून त्याचं पहिलं वाक्य मला ओळखीचं वाटलं आणि त्यापुढची सगळी वाक्यं मी त्या पहिल्याच्या भरवशावर गिळली. खोटं होतं ते त्याचं कंत्राट आणि त्याने केलेली पैशाची मागणी. गार्डला नोकरीसाठी पैसे भरावे लागत नाहीत, एक रुपयाही नाही.

माझे पैसे असे गेले. नोंदणी आणि वर्दीचे ७,५०० रुपये. “ट्रेनिंग सर्टिफिकेट”चे ३५,०००. मग सुपरवायझरच्या जागेसाठी डिपॉझिट १,५०,०००, दोन वर्षांनी परत. दर वेळी पावती, त्यावर गोल शिक्का, वर अशोकस्तंभ. चोवीस वर्षं मी शिक्का आणि सही बघूनच हललो. नोटीस बोर्डवर कागद लागला की तो खरा. कागद खोटाही असू शकतो, हा विचार करण्याची सवयच मला लागलेली नव्हती. फेब्रुवारीत तो म्हणाला, नुसती नोकरी कशाला करता, भागीदार व्हा, ३,००,००० घाला, दर गार्डमागे महिन्याला तुम्हाला कमिशन. मी तेही दिले. एकूण ४,९२,५०० रुपये.

बायको एकदा म्हणाली होती, “अहो, एवढी घाई कशाला? सहा महिने घरी बसा, शेतात बघा, मग ठरवा.” मी तिच्यावर चिडलो. पगाराचा मेसेज यायचा थांबला की माणसाच्या पोटात जे होतं, ते मी तिला समजावू शकलो नाही. सकाळी साडेचारला जाग यायची आणि उठून करायचं काय, हे सुचत नव्हतं. त्या दिवसांत मला कुणी सुपरवायझर म्हटलं की बरं वाटायचं.

त्या पैशाचा हिशोब पेन्शनीवर येणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा. हातात एकदम येणाऱ्या रकमेत ग्रॅच्युइटी असते, फंडाचे आणि ग्रुप इन्शुरन्सचे पैसे असतात, शिल्लक रजेचे पैसे असतात, आणि मोठा भाग असतो कम्युटेशनचा, म्हणजे पुढच्या पेन्शनीचा काही भाग विकून एकदम घेतलेल्या पैशाचा. फौजीला आपली निम्म्यापर्यंत पेन्शन अशी विकता येते. मी पूर्ण निम्मी विकली. ती कपात १५ वर्षं चालते, तोवर महिन्याची पेन्शन तेवढी कमीच येते. म्हणजे त्या माणसाने माझ्या बँकेतले पैसे नेलेच, पण दर महिन्याला कमी येणारी पेन्शन बघताना तोच चिमटा मला पुन्हा बसतो, आणि अजून चौदा वर्षं बसणार आहे.

भागीदारीचा करार बॉण्ड पेपरवर झाला, बेळगावात, एका ऑफिसात. मजकूर कन्नडमध्ये. माझी शाळा मराठी, पलटणीत हिंदी. मला कन्नड बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. त्याने वाचून दाखवला, मराठीत, आणि मी सही केली. सात महिन्यांनी माझ्या दहावीतल्या मुलीने तो कागद हातात घेतला आणि वाचता वाचता थांबली. “बाबा, यात डिपॉझिट कुठेच नाही. सल्ला-सेवेची फी लिहिलंय. परत मिळणार नाही असं लिहिलंय.” घरात कन्नड वाचणारी पोर होती आणि मी तिला विचारलं नव्हतं, कारण पोरीला काय विचारायचं या व्यवहारातलं! सीमाभागातल्या आपल्या लोकांची ही जुनी अडचण आहे. सरकारी ऑफिसात कन्नड फॉर्म पुढे येतो, आपण गांगरतो, आणि जो कुणी मराठीत गोड बोलेल त्याच्या हातात कागद देऊन मोकळे होतो. सैनिक कल्याण खात्याचं ऑफिस बेळगावातच आहे. मी तिथे गेलो नाही तो याच संकोचापायी. शेवटी गेलो तेव्हा तिथल्या माणसांनी मला बसवून हिंदीत सगळं समजावलं. चहाही दिला. तो चहा घशाखाली उतरत नव्हता.

सगळं फुटलं ते जूनमध्ये. जॉइनिंग लेटर आलं, हुबळीकडच्या एका सरकारी कंपनीचं. मी काळी ट्रंक घेऊन सकाळी सातला गेटवर हजर. गार्डने पत्र आत नेलं, वीस मिनिटांनी एक अधिकारी बाहेर आले आणि म्हणाले, असं कंत्राटच नाही, ही सही आमच्या कुणाची नाही. चोवीस वर्षं मी गेटवर उभं राहून दुसऱ्यांचे पास तपासले होते. त्या दिवशी गेटवरून मला परत पाठवलं. फोन लावला तर बंद. बेळगावातल्या ऑफिसला कुलूप.

आणि ज्याचं मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. भागीदार म्हणून मी आमच्याच भागातली दोन पोरं आणली होती, एक नुकताच पेन्शनीवर आलेला नाईक, दुसरा त्याच्या मावशीचा मुलगा. दोघांनी ६०,००० – ६०,००० दिले, माझ्याकडे बघून दिले. एकाचे मी शेतातले काजू विकून निम्मे फेडले. दुसरा रस्त्यात भेटला तर मान वळवतो. त्याचं चूक नाही.

आता जे मला आधी माहीत हवं होतं ते सांगतो. खाजगी सुरक्षा एजन्सी चालवायला २००५ च्या कायद्याखाली राज्याचा परवाना लागतो आणि तो ऑफिसात दिसेल असा लावावा लागतो. मी तीनदा त्या ऑफिसात गेलो, भिंतीवर शिवाजी महाराजांचा फोटो होता, परवाना नव्हता, आणि मी फोटो बघून खूश झालो. गार्डच्या ट्रेनिंगचं म्हणाल तर केंद्राच्या नमुना नियमांत नव्या माणसाला १६० तासांचं आहे, माजी सैनिकाला छोटं, ४० तास वर्गात आणि १६ तास मैदानावर, किमान सात दिवसांत. मला त्याने एका दिवसात सर्टिफिकेट दिलं. सात दिवसांचं काम एका दुपारी होतंय, तिथेच उठून यायला हवं होतं.

नोकरीत असतानाच डीजीआरचे पुनर्वसनाचे कोर्स असतात, जवानांना निवृत्तीआधी पाठवतात. माझं नाव विचारलं होतं. शेवटचे महिने घरी काढावेत म्हणून मी नको म्हणालो. तुम्ही नको म्हणू नका. कोर्समुळे लगेच नोकरी लागेल असं नाही, पण त्या काळात चार खरी माणसं भेटतात आणि बाहेरचा व्यवहार कळतो. केंद्राच्या क वर्गाच्या जागांत माजी सैनिकांना १० टक्के आणि ड वर्गात २० टक्के आरक्षण आहे. सरकारी बँकांत ते १४.५ आणि २४.५ टक्के आहे. दहावी होऊन १५ वर्षं नोकरी झालेल्याला क वर्गाच्या जागांसाठी पदवीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मिळतं. हे सगळं जाहिरात, अर्ज, परीक्षा या वाटेनेच जातं. मधला माणूस त्यात कुठेच बसत नाही. तुम्हाला “कोट्यातून लावतो” असं कुणी म्हटलं, की तो कोट्याच्या नावाने तुमच्याच हक्काची जागा तुम्हाला विकतोय.

तक्रार मी पोलिसांच्या सीईएन ठाण्यात, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या ठाण्यात दिली. ऑनलाइन किंवा फोनवरून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा, तासांचा फरक पडतो. मी तीन आठवडे लाजेने गप्प बसलो आणि तेवढ्यात त्याची खाती रिकामी झाली. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. मुलीला शेजारी बसवून वाक्य न् वाक्य समजून घेतलं, दोन ठिकाणी दुरुस्ती करून घेतली, मग सही केली. नुसत्या बॉण्डवर प्रकरण दिवाणी म्हणून बाजूला पडू शकतं असं वकील म्हणतात. खोटा शिक्का, खोटं जॉइनिंग लेटर आणि एकाच माणसाने अनेकांना फसवल्याचे जबाब, हे एकत्र आले तर वजन येतं.

आतापर्यंत आम्ही तिघे आहोत. चंदगड आणि निपाणीकडच्याही काही जणांना तो शाल घालून गेलाय असं कानावर आलंय. गोल शिक्का, वर अशोकस्तंभ आणि खाली निळ्या शाईतली डावीकडे झुकलेली सही, अशी पावती कुणाच्या कपाटात असेल तर ती फाडू नका. ती घेऊन ठाण्यात या. घरी सांगितलं नसेल तरी या, मीही सांगितलं नव्हतं.