खान्देशात इलेक्ट्रिक गिटार घेताना: नावाजलेला ब्रँड, मधल्या किमतीची की बनवून घेतलेली?

जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारात इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. एक, फेंडर किंवा गिब्सनचं नाव. दुसरी, यामाहा, कोर्ट, आयबानेझ, स्क्वायर अशी साधारण पंधरा ते पस्तीस हजारांतली गिटार. तिसरी, कारागिराकडून मापानुसार बनवून घेतलेली. आमचं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी मधली वाट धरावी आणि वाचलेल्या पैशांतून नीट सेटअप (नेक, तारांची उंची आणि सूर यांची जुळवणी) करून घ्यावा.

याचं पहिलं कारण इथली हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि हवा कोरडीठाक होते. पाऊस लागला की तेच लाकूड ओल धरतं. नेक (गिटारीचा दांडा) कधी पुढे वाकते, कधी मागे. फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची लाकडी पट्टी) आकसतो, पण फ्रेटची (त्यावरच्या आडव्या रेघांची) धातूची तार आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं बाजूने बाहेर येतात आणि हाताला ओरखडे पडतात. हे दोन लाखांच्या गिटारीलाही होतं आणि वीस हजारांच्याही. त्यात कूलरची भर. दुपारभर कूलरच्या झोतात ओलावा, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं. ही रोजची चढउतार नुसत्या कोरडेपणापेक्षा वाईट. गिटार कूलरच्या खोलीत उघडी ठेवू नका. केसमध्ये ठेवा आणि उन्हाळ्यात सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळून घेतलेला स्पंज ठेवा. 45 ते 55 टक्के आर्द्रता गिटारीला मानवते.

आता नावाचे पैसे कशाचे, ते पाहू. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर 1954 ची, गिब्सनची लेस पॉल 1952 ची. फेंडरच्या अमेरिकी गिटारी कॅलिफोर्नियातल्या कोरोनात बनतात, त्याखालच्या मेक्सिकोतल्या एन्सेनाडात, आणि स्वस्त माल 1982 पासून स्क्वायर या नावाने येतो. गिब्सनकडे तेच काम एपिफोन करते. ती कंपनी 1957 पासून गिब्सनच्या मालकीची आहे. अमेरिकी फेंडर लाखाच्या पुढे, लेस पॉल स्टँडर्ड दोन लाखांच्या पुढे. त्या पैशांत फ्रेटच्या कडा गोल घासलेल्या मिळतात, पॉट (आवाज कमी-जास्त करणारी बटणं) आणि स्विच वर्षानुवर्षं टिकतात, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळतं. हे शेवटचं खरोखर मोलाचं आहे, पण ते गिऱ्हाईक बहुधा पुण्या-मुंबईचं असतं हे धरून चाला.

महाग म्हणजे इथल्या वापराला सोयीची, असं मात्र नाही. गिब्सनच्या बहुतेक गिटारींना नायट्रोसेल्युलोज लॅकर (वरचा चकचकीत लेप) असतं. रबर किंवा फोमच्या साध्या स्टँडवर ती ठेवली तर रबरातल्या रसायनाने लॅकर मऊ पडतं आणि कायमचा डाग राहतो. स्वस्त गिटारींवरचं पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन त्याला दाद देत नाही. दुसरं म्हणजे गिब्सनचा हेडस्टॉक (खुंट्यांचा माथा) साधारण 17 अंश मागे कललेला असतो, आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडच्या (नेकचा वाक सुधारणाऱ्या आतल्या सळईच्या) नटसाठी लाकूड कोरलेलं असतं. गिटार स्टँडवरून पडली की तारांच्या नटच्या (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे मोडते. लग्नसराईत ऑर्केस्ट्राच्या टेम्पोतून फिरणाऱ्याला सरळ हेडस्टॉकची, चार स्क्रूंनी बसवलेल्या नेकची गिटारच बरी. नेक गेलीच तर दुसरी बसवता येते.

मधल्या गटात बांधणी कुठे होते ते बघा. कोर्टचा इंडोनेशियातल्या सुराबायाचा कारखाना स्वतःच्या नावाखेरीज इतर मोठ्या ब्रँडसाठीही गिटारी बनवतो. यामाहाची पॅसिफिका 112 घेतली तर आल्डरची बॉडी, दोन सिंगल कॉइल (एका कॉइलचे पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत उचलणारे भाग) आणि ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) एक हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) मिळतो. मांडवात वाजवणाऱ्यासाठी हा हमबकर कामाचा. जनरेटर, डिमर आणि एलईडीच्या माळा यांची घरघर सिंगल कॉइल पिकअप थेट उचलतो. हमबकरमध्ये उलट दिशेने गुंडाळलेली दोन कॉइल ती बरीचशी खोडून काढतात. अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला क्लीन, खणखणीत आवाज लागतो तेव्हा सिंगल कॉइल आहेतच.

स्क्वायरच्या अनेक मॉडेलवर इंडियन लॉरेलचा फिंगरबोर्ड असतो. हा आपल्या सातपुड्यातलाही ऐन. 2017 मध्ये शिसमाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा बऱ्याच कंपन्या या लाकडाकडे वळल्या; 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ऐन टिकून राहिला. तो शिसमापेक्षा थोडा फिकट दिसतो, कामाला तितकाच चांगला. भाजलेल्या मेपलची नेक बजेटमध्ये बसत असेल तर जरूर घ्या. भट्टीतून काढलेलं ते लाकूड ओल कमी पितं, आणि आपल्या हवेत तो गुण पिकअपच्या नावापेक्षा मोठा आहे.

या गिटारींत पैसा वाचवलेला असतो तो प्लास्टिकच्या नटवर, छोट्या पॉटवर, जस्ताच्या पातळ ट्रेमोलो (दांडीने सूर हलवणारा ब्रिज) ब्लॉकवर आणि फ्रेटच्या फिनिशिंगवर. हे सगळं बदलता येतं. क्रम असा ठेवा: नव्या तारा आणि सेटअप, मग हाडाचा नट, मग खुंट्या, मग पॉट (सिंगल कॉइलला 250के ओहम, हमबकरला 500के ओहम), आणि पिकअप सर्वांत शेवटी. ट्रेमोलो वापरत नसाल तर मागच्या स्प्रिंग कसून ब्लॉकमागे लाकडाचा तुकडा ठोका; सूर हलायचा थांबतो. स्वस्त गिटारीवरचा फ्लॉइड रोझ पद्धतीचा (धारांवर झुलणारा, तारा घट्ट आवळणारा) ब्रिज टाळा. त्याच्या धारा मऊ धातूच्या असतात, झिजल्या की तारा मूळ सुरावर परतत नाहीत.

बदलता न येणारे दोष दुकानातच पकडावे लागतात. हेडस्टॉककडून नेकवर नजर टाकून पीळ आहे का बघा. नटपासून बाराव्या फ्रेटचं अंतर मोजून दुप्पट करा: फेंडर पद्धतीच्या गिटारीत 648 मिमी यायला हवं, गिब्सन पद्धतीत सुमारे 628. सॅडल (ब्रिजवर तारा टेकवणारे तुकडे) त्याच्या दोन-चार मिमी मागे असतात. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ट्यूनर अ‍ॅपवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे सरकवायचा, आणि मागे जागाच नसेल तर ती गिटार ठेवून द्या. बाराव्या ते सतराव्या फ्रेटवर तार बाजूला ओढा. सूर मध्येच विझला तर फ्रेट उंचसखल आहेत. ट्रस रॉड फिरतो का, हेही विचारा. दहा हजारांखालच्या गिटारींत बहुधा इथेच घोडं अडतं.

सेटअप घरी शिकण्यासारखा आहे, कारण ऋतू बदलला की तो करावाच लागतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट फीलर गेजने (पातळ पत्त्यांच्या मापाने) मोजा. दुचाकी दुरुस्त करणाऱ्याकडे तो असतो. 0.25 मिमी हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव वळसा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव वळशाहून जास्त नको; तासाभराने पुन्हा मोजा. त्यानंतरच सॅडल खालीवर करा: बाराव्या फ्रेटवर जाड तार 2 मिमी, बारीक तार 1.6 मिमीच्या आसपास.

बनवून घेतलेली गिटार कुणासाठी? ज्याने चार गिटारी वाजवून स्वतःचं माप ओळखलं आहे, त्याच्यासाठी. कारागिराला लेखी द्यायच्या गोष्टी: स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी), नटची रुंदी (42 की 43 मिमी), फिंगरबोर्डची गोलाई, दोन्ही बाजूंना फिरणारा ट्रस रॉड, आणि वजनाची कमाल मर्यादा. वजन विसरू नका. सागाची बॉडी आल्डरच्या तुलनेत जवळपास दीडपट भरते. शिसमाची त्याहूनही जड. तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याचा खांदा भरून येतो, म्हणून आतून पोकळी कोरायला सांगा.

जुन्या वाड्याची सागवानी तुळई हाती लागली तर सोनंच, कारण ती अनेक दशकं वाळलेली असते. वखारीतलं ताजं लाकूड पहिल्याच मेमध्ये तडकतं. खिळे मात्र शोधून काढा, नाहीतर राउटरचा (लाकूड कोरायच्या यंत्राचा) बिट जातो. सागाला तेल असतं. सांधा चिकटवण्याआधी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसला नाही तर तो सुटतो. स्थानिक सुताराकडून बॉडी आणि बाजारातून तयार नेक, हा मार्गही चालतो. बॉडी 45 मिमी जाड, नेकची खाच सुमारे 56 मिमी रुंद आणि 16 मिमी खोल. ब्रिजची जागा नेक बसवून, दोन्ही टोकांच्या तारा ताणून मगच आखा. आधी भोकं पाडली आणि दोन-तीन मिमी चुकली, तर सूर कधीच बसत नाही. अशा गिटारीला पुनर्विक्रीची किंमत जवळजवळ नसते, हे ठरवून पुढे जा.

स्वस्तात गिब्सन मिळतेय असं कुणी म्हणालं तर हेडस्टॉकवरचं ट्रस रॉडचं झाकण पाहा. गिब्सनच्या झाकणाला दोन स्क्रू असतात. नकली गिटारींवर हमखास तीन दिसतात.

कोणतीही गिटार घ्या, मांडवात वाजवताना अ‍ॅम्पची तिसरी पिन खरोखर अर्थिंगला जोडली आहे का, ते टेस्ट लॅम्पने तपासा. तारांवर हात आणि ओठ माइकला, या अवस्थेत शॉक जिवावर बेततो.